वाळवंटातील सेवेकरी : श्रीसंत गाडगे महाराज

आषाढ शुद्ध एकादशीला भूवैकुंठ पंढरीत जो वैष्णवांचा मेळा जमतो, त्याचे वर्णन करताना आपल्या लेखण्या थकत नाहीत. दिंड्या, पताका, टाळमृदंगांचा गजर, तुळशीवृंदावने डोईवर घेतलेल्या माउल्या, चंद्रभागेचे स्नान आणि कळसाचे दर्शन, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. परंतु द्वादशीला पारणे सुटले, दिंड्या परतीच्या वाटेला लागल्या, की त्या वाळवंटाची काय अवस्था होत असे, याचे वर्णन कोणी फारसे केलेले नाही. लाखो माणसे ज्या गावात चार दिवस उतरतात, त्या गावात त्यांच्या देहधर्माची सोय काय, प्यावयाचे पाणी कोठले, उष्ट्या पत्रावळी कोठे जातात, हे प्रश्न भक्तीच्या गोष्टीत काढणे आपणांस अप्रशस्त वाटते. एका सत्पुरुषाला ते तसे वाटले नाही. हाती खराटा घेऊन तो वाळवंटात उतरला आणि त्यालाच त्याने आपली पूजा मानले.

श्रीगाडगे महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी वऱ्हाडातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. पित्याचे नाव झिंगराजी, मातेचे सखुबाई, आणि बाळाचे डेबूजी. आडनाव जाणोरकर. घरची गरिबी होतीच. तिच्या जोडीला पित्याचे मद्यपान आले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सखुबाई आपल्या पोरक्या लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी आल्या. तेथे मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, पिकांची राखण करणे अशी कामे करीत डेबूजी वाढला. शाळेचे तोंड त्याला पाहावयास मिळाले नाही.

हा मुलूख कसा आहे, हे जाणल्याशिवाय बाबांच्या पुढील कार्याचा उलगडा होत नाही. पूर्णा नदीच्या दोहो अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जी काळ्या मातीची पट्टी पसरली आहे, तिला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन कापूस पिकविणारी, परंतु विहीर खोदली तर पाणी खारट; पिण्यास नको, ओलितास नको. गोड्या पाण्याची एखादी विहीर साऱ्या पंचक्रोशीला आधार देते आणि उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी बायाबापड्यांना कोस कोस चालावे लागते. अशा प्रदेशात, नदीच्या पाण्यावरच ज्यांचा धंदा चालतो अशा परिटाच्या घरी जन्मलेल्या मुलाला पाण्याचे मोल कोणी शिकवावे लागले नाही. बाबांनी पुढे लोकांना जी सत्कर्मे सांगितली, त्यांत अन्नदानाच्या खालोखाल जलदान येते.

सन 1892 मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मामाची जमीन सावकाराने कागदपत्रांच्या बळावर गिळली, आणि अक्षरशत्रू माणसाचा घास कसा काढून घेतला जातो हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मद्यमांसाचे जेवण घालण्याची रूढी होती. ती मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. नाराजी झाली, परंतु पंगत उठली नाही. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. पुढची सुमारे बारा वर्षे ते कोठे कोठे फिरले, कोणत्या गावी राबले, याचा सलग वृत्तान्त कोणी लिहून ठेवलेला नाही. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हाती मातीचे गाडगे, असा तो वेष. त्या गाडग्यातच जेवावयाचे, त्यातच पाणी प्यावयाचे. लोकांनी कोठे चिंधेबुवा म्हटले, कोठे लोटके महाराज, आणि अखेर गाडगेबाबा हे नाव कायम झाले. फुकटची भाकर ते घेत नसत. प्रथम अंगण झाडून द्यावयाचे, लाकडे फोडून द्यावयाची, मग भाकरीसाठी गाडगे पुढे करावयाचे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या तीरावर ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथे मुद्गलेश्वराचे देवालय असून पौषातील रविवारी यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा आणि घसरणीचा. स्नानास उतरणारी म्हातारीकोतारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांचे हाल होत. डेबूजी गृहस्थाश्रमात असल्यापासून या यात्रेस जात आणि देवदर्शनाऐवजी काठावर वाळू आणून टाकण्याचे, वाट नीट करण्याचे काम करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रथम एकटाच माणूस टोपली उचलीत होता. मग काही पोरे आली. मग यात्रेकरूंना लाज वाटू लागली. पुढे तेथे घाट झाला, धर्मशाळा झाली, आंधळ्यापांगळ्यांसाठी सदावर्त सुरू झाले. बाबांच्या सर्व कार्याचे मूळ या चिखलात आहे, असे माझे मत आहे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे पुढे जे उभे राहिले ते याच रीतीने: प्रथम स्वतःचे हात, मग लोकांचे हात, आणि सर्वांत शेवटी पैसा. आपल्याकडे बहुधा उलटा क्रम चालतो.

बाबांची गावात शिरण्याची पद्धत ठरलेली असे. कोणी ओळखण्यापूर्वीच ते गावाबाहेरच्या उकिरड्याशी, नाहीतर चावडीपुढच्या तुंबलेल्या गटाराशी जाऊन कामाला लागत. वेडगळ दिसणारा हा माणूस कोण, म्हणून पोरे हसत, कुत्री भुंकत. तासाभराने कोणा जाणत्याला ओळख पटे आणि बातमी घरोघर पसरे. पाटील धावत येऊन पायां पडू लागले तर बाबा पाया पडू देत नसत. वेळप्रसंगी काठी उगारीत. पाया पडावयाचे नसेल तर करावयाचे काय? मग खराटाच हाती घ्यावा लागे. तिसऱ्या प्रहरापर्यंत सारा गाव रस्त्यावर उतरलेला असे. ब्राह्मण, मराठा, माळी, महार असा भेद न ठेवता सर्वजण एकच कचरा उचलीत, आणि यातले मर्म वाचकांनी ध्यानी घ्यावे. घाण करावयाची सर्वांनी आणि काढावयाची एका जातीने, ही आपल्या समाजाची शतकानुशतकांची व्यवस्था. गावाच्या पाटलाला उकिरडा उपसावयास लावणे म्हणजे त्या व्यवस्थेच्या मुळावर घाव घालणे होते. हे काम व्याख्यानाने झाले नसते.

रात्री कीर्तन होई. बाबांचे कीर्तन म्हणजे पंडिती निरूपण नव्हे. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. देवापुढे बोकड कापून देव प्रसन्न होतो काय, कर्ज काढून लग्नाची वरात मिरवावी काय, पोराला शाळेत घालावयाचे की गुरांमागे पाठवावयाचे, माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो कसा, अशी ती प्रश्नावली असे. हजारोंचा समुदाय एका आवाजात होकार किंवा नकार देई. स्वतःच्या तोंडाने, साऱ्या गावासमक्ष दिलेले उत्तर मोडणे कठीण जाते, हे या निरक्षर महात्म्याने नेमके ओळखले होते. गोपालनामाच्या गजरात कीर्तन संपे. सकाळी सत्कारासाठी मंडळी हार घेऊन येत तेव्हा महाराज पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत.

आता पंढरीकडे वळू. आषाढीला भीमेला पूर असतो, गावात माणूस मावत नाही, आणि पूर्वी शौचाला वाळवंटाखेरीज जागा नसे. तेच पाणी स्नानाला, तेच तीर्थ म्हणून प्राशनाला. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो आणि रोग्याच्या मळावाटे पुन्हा पाण्यात उतरतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने सन 1884 मध्ये कलकत्त्यास तळ्याच्या पाण्यात हा जंतू शोधून काढला, तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा होता. मोठ्या यात्रांतून पटकी उद्भवावी आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव जावी, असे त्या काळात वारंवार घडे. विठ्ठलाच्या दर्शनाला गेलेला घरधनी वाटेतच गेला, अशा कथा जुन्या घराण्यांतून ऐकावयास मिळत. ब्रिटिश सरकारचा उपाय म्हणजे यात्रेवर निर्बंध. भाविकांना तो धर्मावरचा घाला वाटे. सरकार यात्रेकरूंना रोगाचे वाहक समजे आणि यात्रेकरू सरकारला धर्माचे वैरी समजत. या ओढाताणीत वाळवंट तसेच राही.

बाबा वारीला येत, परंतु देवळात जात नसत. त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या दारातून अस्पृश्य मानलेल्या भाविकाला आत प्रवेश नव्हता, त्या दारातून आपण कसे जावे, हा प्रश्न त्यांच्या जीवनातच उत्तरलेला दिसतो. शिवाय त्यांचा देव वाळवंटात बसला होता. आईबापांची सेवा पुरी होईपर्यंत पुंडलिकाने परब्रह्माला विटेवर तिष्ठत ठेवले, ही कथा आपण मुलांना सांगतो. गाडगेबाबांनी तीच कथा अनाथ, रोगी, थकल्याभागल्या वारकऱ्यांच्या बाबतीत खरी केली. दिवसभर वाळवंट झाडावयाचे, घाण मातीआड करावयाची, आणि रात्री तेथेच कीर्तन करावयाचे, हा त्यांचा नेम होता.

केवळ झाडून भागणार नाही, हेही त्यांनी जाणले. वारकऱ्याला निवारा, विहीर आणि आडोसा मिळाल्याशिवाय वाळवंट स्वच्छ राहणार नव्हते. म्हणून धर्मशाळा. ज्यांना कोणत्याही मठात वा वाड्यात उतरू दिले जात नसे, अशा अस्पृश्य यात्रेकरूंसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. चोखोबा ज्या नगरीत महाद्वाराबाहेर राहिला, त्या नगरीत त्याच्या नावाने त्याच्या वंशजांना हक्काचे छप्पर मिळाले, याचे मोल आज उमगणे कठीण आहे. पुढे ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. श्रीविठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, सन 1947 मध्ये.

या इमारतींसाठी लागलेला पैसा लोकांनीच दिला. बाबांनी तो हाती घेतला नाही; विश्वस्त नेमले, हिशेब त्यांनी ठेवावयाचा. पुढे 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. या सर्व संस्थांत स्वतःच्या आप्तांना बाबांनी कसलाही अधिकार ठेवला नाही. त्यांच्या नावाने लाखोंच्या वास्तू उभ्या असता कुंताबाई साध्या झोपडीत दिवस कंठीत होत्या. हा कठोरपणा सर्वांना रुचेल असे नाही. घरच्या माणसांवर तो अन्यायच होता, असे कोणी म्हटले तर त्याला सहज उत्तर देता येणार नाही. पण लोकांच्या पैशाने उभारलेली वस्तू लोकांचीच राहावी, याचा त्यांना दुसरा उपाय दिसला नसावा. पुत्र गोविंदा पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने गेला. वार्ता आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबले नाही, असे चरित्रांत नमूद आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, सन 1952 मध्ये, त्यांचे चरित्र लिहिले, ते जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. बाबांचे स्नेही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीवर स्वतंत्र अध्याय घातला.

बाबांच्या पश्चात चार दशके लोटली. सरकारने खेड्यापाड्यांत नळयोजना आखल्या, अनुदान देऊन शौचकूप बांधून दिले. परिणाम काय झाला? कित्येक शौचकुपांत सरपण आणि गोवऱ्या भरल्या गेल्या. पंप बिघडला तर तो दुरुस्त करावयाचा कोणी, हे न ठरल्याने नळ कोरडे पडले. वस्तू सरकारची, तेव्हा काळजीही सरकारची, अशी लोकांची धारणा झाली आणि त्यात लोकांचा दोष आहे असे म्हणवत नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अशा वेळी सन 2000-01 मध्ये महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ग्रामविकास खाते तेव्हा आर. आर. पाटील यांच्याकडे होते. गावाला आधी पैसा द्यावयाचा नाही. गावाने श्रमदानाने स्वतःला स्वच्छ करावे, आणि जे गाव सरस ठरेल त्याला मागाहून पारितोषिक, अशी ही योजना. ऋणमोचनचाच क्रम येथे पुन्हा दिसतो. गावोगाव पहाटे लोक खराटे घेऊन बाहेर पडले. शोषखड्डे खणले गेले, गटारे मोकळी झाली. या अभियानाच्या प्रेरणेतून भारत सरकारने सन 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्काराची घोषणा केली. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पातही गावाने खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा स्वतः उचलावा आणि महिलांच्या ग्रामसभेला योजनेत मत असावे, असा दंडक होता. पाणी ज्यांना वाहावे लागते त्यांनाच विहिरीची जागा विचारावी, ही साधी गोष्ट सरकारदरबारी पोहोचावयास इतका काळ लागला.

याच सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यात, मोसमोइल नावाच्या खेड्यात, कमल कार या कार्यकर्त्याने असाच प्रयोग केला. गावकऱ्यांना त्यांचीच हागणदारी हिंडून दाखवावयाची, तेथील घाण पायवाटेने, माश्यांनी आणि पाण्याने आपल्याच अन्नात कशी येते हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यावयाचे, आणि एक पैसाही न देता निर्णय त्यांच्यावर सोपवावयाचा. लोकांनी आपणहून खड्डे खणले. ही पद्धती पुढे आशिया व आफ्रिकेतील अनेक गरीब देशांत गेली. काही ठिकाणी मात्र लोकांना लाजविण्याचा अतिरेक झाला. गरिबाला हिणवून, दंड करून काम साधण्याकडे कल गेला, अशी टीकाही तिच्यावर झाली आहे. बाबांच्या रीतीत प्रश्न विचारणे होते, लाजविणेही होते, परंतु विचारणाऱ्याच्या हातात दिवसभर खराटा असे. ती अट पुढे गळून पडली. वर्षातून एका सकाळी छायाचित्रापुरता झाडू धरणारे पुढारी पाहिले म्हणजे हे विशेष जाणवते.

पंढरीचा प्रश्नही अनेक वर्षे तसाच राहिला. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा सन 1993 मध्ये झाला आणि दुसरा, अधिक कडक, सन 2013 मध्ये. तरीही यात्रेनंतरची घाण काढण्याचे काम त्याच समाजाच्या वाट्याला येत राहिले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यानंतरच्या वर्षांत ‘निर्मल वारी’ या नावाने पालखीमार्गावर मुक्कामाच्या गावी फिरत्या शौचालयांची सोय होऊ लागली. पालखी येण्याआधी तरुण स्वयंसेवक ती मांडतात आणि पहाटेच्या अंधारात शिट्ट्या वाजवून, हात जोडून वारकऱ्यांना तिकडे वळवितात. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या वारकऱ्यांना ते पटविणे जड गेले. हळूहळू दिंडीप्रमुखांनीच ते आपल्या शिस्तीत घेतले.

बाबांचा अखेरचा काळही फिरतीतच गेला. शरीर मधुमेहादी विकारांनी पोखरले होते. निरक्षर असूनही शाळा, वसतिगृहे यांसाठी ते अखेरपर्यंत झटले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सन 1954 मध्ये कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, खेड्यातून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. नोव्हेंबर 1956 मध्ये वांद्रे येथील पोलीस वसाहतीत त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले असल्याने तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. 6 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. तो आघात बाबांना फार लागला. औषधपाण्याकडे लक्ष उरले नाही. त्यानंतर चौदाव्या दिवशी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांचा प्राण गेला. अंत्यविधी अमरावतीस झाला. जेथे समाधी आहे त्या वस्तीला आता गाडगेनगर म्हणतात.